आयोना

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातील एक छोटे बेट. मल या मोठ्या बेटाच्या नैर्ऋत्य टोकापासून ते सुमारे दीड किमी. रुंदीच्या सामुद्रधुनीने वेगळे झाले आहे. लांबी सु. ५.५ किमी., रुंदी जेमतेम २.५ किमी.; डून ई ही सर्वांत उंच टेकडीही १०१ मी.च. बेटाचा बराचसा भाग लुइशियन नाइस या अतिप्राचीन खडकाचा असल्याने मधली जमीन उघडीबोडकी आणि जागोजाग पाणथळ आहे. पश्चिमेला मात्र शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने आत पसरते. तिच्यातल्या चुन्याने जमिनीचा आंबटपणा कमी होऊन चांगली कुरणे तयार झाली आहेत.

इ.स. ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाने येथे ख्रिस्ती मठ स्थापला. आज हे बेट आडवाटेला वाटते; त्या काळी समुद्र हाच हमरस्ता होता आणि आयोना त्याच्या वाटेवरच होते. पहिल्या इमारती लाकडाच्या व कुडाच्या असल्याने त्यांतले जमिनीवर काही उरले नाही. उरला तो मठाभोवतीचा खंदक आणि मातीचा बांध, तोही तुटक. टोर अन आबा या टेकाडावर १९५७ मध्ये सापडलेल्या कोळशाचे कालमापन २०१७ साली जाहीर झाले. त्यातून आलेला काळ कोलंबाच्या हयातीशी (मृत्यू ५९७) जुळतो.

आठव्या शतकातील दगडी क्रूस हा बेटाचा खरा ठेवा. संत मार्टिनचा क्रूस एकाच शिळेतून कोरलेला असून आजही मूळ जागी उभा आहे. त्याचे हात आखूड आहेत. संत जॉनच्या क्रुसाचे हात मात्र सु. २.२ मी. पसरलेले, त्याचे तुकडे सुतारकामातल्यासारखे कूस-साल पद्धतीने (एका तुकड्याचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून) जोडले होते. दगडाला हा भार झेपला नाही आणि क्रूस कोसळला. मग हातांना आधार म्हणून चार कमानी तुकड्यांचे कडे बसवले असावे. ‘केल्टिक क्रूस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रुसावरील वर्तुळाचे मूळ कदाचित या दुरुस्तीत आहे. विसाव्या शतकात पुन्हा उभारल्यावरही वादळांनी तो पाडला. सध्या मूळ तुकडे जोडून संग्रहालयात ठेवले आहेत. बाहेर दिसते ती १९७० ची काँक्रीटची प्रतिकृती.

व्हायकिंगांनी ७९५ पासून मठ अनेकदा लुटला. ८०६ च्या हल्ल्यात ६८ जण मारले गेले. त्यानंतर मठवासीयांपैकी बरेच जण आयर्लंडमधील केल्स येथे गेले. सध्याचा दगडी मठ सु. १२०० मधील बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा असून विसाव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार झाला. त्यालाच कोलंबाचा मठ समजण्याची चूक सर्रास होते. शेजारच्या दफनभूमीत ४८ स्कॉटिश राजे पुरल्याचे सोळाव्या शतकातील वर्णन सांगते. हा आकडा जपूनच घ्यावा.

मुख्य भूमीवरील ओबन बंदरातून बोटीने मलवरील क्रेग्न्युर, तेथून सु. ६० किमी. एकपदरी रस्त्याने फिनफोर्ट आणि मग दहा मिनिटांची फेरी, असा प्रवास आहे. पर्यटकांना विनापरवाना गाडी बेटावर नेता येत नाही. वारा व लाटा वाढल्यास फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीची शेवटची फेरी गाठण्याच्या भरवशावर राहू नये.