वारी वेगळी, परिक्रमा वेगळी

शेजारच्या काकांनी नर्मदा परिक्रमा उचलली आणि पुण्याहून आत्याचा फोन: "तुमचे काका वारीला गेले म्हणे?" आम्हा इंदूरकरांना हा घोळ सवयीचा. नर्मदा हाकेच्या अंतरावर, पंढरपूर लांब, आणि पायी निघालेला प्रत्येक जण 'वारीला'.

वारीला गाव ठरलेलं असतं. आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढीला पंढरपुरात असते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, शब्दच 'वारंवार'मधला. परिक्रमेला पोचायचं गावच नाही, निघालो तिथेच परत. नदी 1,312 किलोमीटरची, आणि चालायचे दोन्ही काठ. जुना हिशेब 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवसांचा. हल्ली बरेच जण काही महिन्यांत उरकतात. चातुर्मासात मात्र चालायचं नाही. म्हणजे वारकरी विठोबाच्या दारात पोचतो त्याच एकादशीला परिक्रमावासी एका जागी बसतो.

सोबतीचं म्हणाल तर खरी गंमत तिथे आहे. वारीत सोबत दिंडीची. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकीच्या मागे. सामान ट्रकमध्ये, पुढे वीणेकरी. तुमची चाल कशी, कुणी विचारत नाही, टाळाची लय तुम्हाला ओढत नेते. (या सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी होते, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरशी नातं निघालंच.) परिक्रमेत सामान आपल्याच पाठीवर आणि जोडीला फार तर एक जण. काका ऑफिसातल्या मित्राबरोबर निघाले. मित्र भराभर चालणारा, काका झाडापाशी थांबणारे. नवव्या दिवशी जोडी फुटली. भांडण नाही, राग नाही. पुढे एका आश्रमात दोघं सदावर्ताच्या खिचडीला शेजारी बसले, "नर्मदे हर" झालं, आणि सकाळी पुन्हा वेगवेगळे. उजव्या हाताला नर्मदा असली की तेवढी सोबत पुरते म्हणे. मला नसती पुरली.

ती उजव्या हातालाच हवी, आणि ओलांडायची नाही, हा नियम काकांना दुसऱ्याच दिवशी कळला. चष्मा घरी राहिला होता. मोरटक्क्याचा पूल समोर, पलीकडे बडवाह, तिथून इंदूरचा रस्ता. पण काकांचा संकल्प दक्षिण काठावर झालेला. ते पुलाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर दोन तास बसून राहिले, आणि मी स्कूटरवर इंदूरहून चष्मा घेऊन गेलो. पूल मी ओलांडला, त्यांनी नाही. वारीत उलट: वाटेत नीरा लागते, माउलींच्या पादुकांना तिथे स्नान घालतात आणि पालखी पलीकडे जाते. नर्मदा ओलांडायची ती फक्त समुद्राच्या तोंडाशी, विमलेश्वरहून मिठीतलाईला, नावेतून.

याच नियमाने ओंकारेश्वराचंही दर्शन राहतं, कारण ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर. परिक्रमा पुरी झाली, कढईचा प्रसाद झाला, की मग पलीकडे जाऊन जल चढवायचं. तोवर काठावरूनच हात जोडायचे.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आमच्याकडे रांगेत उभं राहवत नाही ते कळस बघूनच परत फिरतात, त्यातलंच की."

"नाही गं आत्या," म्हणालो, आणि पहिल्यापासून सुरू केलं.