आधी शुगर बघ!

मधुमेह असलेल्या माणसाचा आवाज चढला की घरातून हमखास विचारलं जातं, “शुगर बघितलीस का?” विचारणं काळजीपोटीच असतं, आणि पुष्कळदा बरोबरही. रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली की शरीर अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक सोडतं. हात थरथरतात, घाम फुटतो, मेंदूला इंधन कमी पडतं आणि कुणी साधं काही बोललं तरी डोकं फिरतं. पण कधी कधी रागाला खरंच कारण असतं. तेव्हा हाच प्रश्न झोंबतो.

मन आणि साखर यांची ही गल्लत जुनीच. सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी मधुमेहींची लघवी गोड लागते हे नोंदवलं (हो, चाखून) आणि रोगाचं खापर फोडलं दीर्घकाळच्या दुःखावर. १९११ मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी धडधाकट मांजरांसमोर भुंकणारा कुत्रा आणला. बिथरलेल्या मांजरांच्या लघवीत साखर उतरली. पुढे एका चुरशीच्या सामन्यानंतर फुटबॉलच्या २५ खेळाडूंची तपासणी झाली, तर १२ जणांत साखर सापडली. भीतीने, संतापाने साखर चढते हे दिसलं. पण ती तात्पुरती.

१९३०च्या दशकात मात्र काही मनोविश्लेषकांनी ‘मधुमेही स्वभाव’ असं लेबलच तयार केलं, म्हणजे आजाराचं मूळ माणसाच्या स्वभावातच शोधलं. ते पुढे टिकलं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वात अन्यायाचा भाग, कारण त्याच सुमारास रुग्णांच्या अंगावर खरं ओझं पडत होतं. १९२२ मध्ये इन्शुलिन आलं, जीव वाचले आणि आजार जन्मभराचा झाला. सुई उकळायची, टोचायची, मोजून खायचं. परीक्षानळीत बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे काही थेंब टाकून तापवायचे आणि रंग बघत बसायचं: निळाच राहिला तर सुटलो, हिरवा-पिवळा झाला तर थोडी साखर, विटकरी झाला तर बोलणी. प्रगतिपुस्तक वर्षातून काही वेळाच मिळतं. हे रोज मिळायचं.

१९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ टाइप-१ (शरीरात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही असा मधुमेह) रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा जास्त सुरक्षित राहतात. पण अशी काटेकोर शिस्त पाळणाऱ्या गटात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. म्हणजे जितकी शिस्त कडक, तितकी शुगर ‘लो’ होण्याची टांगती तलवार.

१९९५ मध्ये बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रात विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी २० मुद्द्यांची प्रश्नावली छापली. नैराश्याहून वेगळा, निव्वळ या आजाराने येणारा वैताग ती मोजते. साखरेचा आकडा किती आला, असं ती विचारत नाही. मधुमेहासोबत जगायचं या विचाराने राग येतो का, हा त्यातलाच एक मुद्दा. उत्तरासाठी शून्य ते चार असे आकडे. त्यातल्या एकावर खूण करायची.