पाटीच्या आधीची शाळा

जूनमध्ये पुण्यातल्या वस्तीतली अंगणवाडी पाहा. दाराची चौकट घट्ट धरून एखादं पोर भोकाड पसरून उभं असतं. जाणती सेविका त्याला ओढून आत घेत नाही. सतरंजीचं एक टोक त्याच्या हातात देते, ‘धर रे जरा!’ सतरंजी अंथरून होईस्तोवर पोर आत आलेलं असतं. सरकारी कागदावर याला हल्ली ‘सामाजिक व भावनिक विकास’ म्हणतात.

गोष्ट जुनी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसरी या बालशिक्षणपद्धतीची साधनं महाग, म्हणून बालशिक्षण सुखवस्तू घरांतच अडकायचं. ते गरिबांपर्यंत न्यायला ताराबाई १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये तिथल्याच आदिवासी भागातल्या कोसबाडला. पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, कारण कोणी गुरांमागे, तर कोणाच्या कडेवर धाकटं भावंड. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाईंचा. त्यांच्या विकासवाडी या केंद्रात तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्रच. धाकटं शेजारी आहे म्हटल्यावर थोरलीचं चित्त पाटीवर लागणार, इतकी साधी ती युक्ती.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि शब्द देशभर गेला. पण योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. कुपोषण समोर असताना वजनकाटा आणि खाऊ पुढे राहणार, हे ओघानंच आलं. (सेविकेच्या रजिस्टरांबद्दल न बोललेलंच बरं.)

पण बालवाडीतून खरंच काय टिकतं? अमेरिकेत मिशिगनमधला, गरीब मुलांना बालवाडीत घालून पुढे पाहण्याचा पेरी बालवाडीचा प्रयोग १९६२ ते ६७ चा. तिथल्या गरीब मुलांची बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत ओसरली. मोठेपणी मात्र शिक्षणात, कमाईत ती पुढे राहिली, गुन्ह्यांत कमी सापडली. म्हणजे टिकलं ते बुद्ध्यांकाखेरीजचं काहीतरी, बहुधा हाच भावनिक विकास.

पुण्यात मुलांच्या या भावनिक विकासाचा प्रश्न बांधकामाच्या साइटवर जास्त बोचतो. इमारत उभी राहिली की बिऱ्हाड हलतं, आणि नुकती लळा लावलेली ताई मागे राहते. डोअर स्टेप स्कूल, तारा मोबाइल क्रेशेस या संस्था अशाच मुलांसाठी साइटवर जातात.

२०२२ मध्ये राज्यात शाळेच्या तयारीचे ‘पहिले पाऊल’ मेळावे सुरू झाले. पहिलीत जाणाऱ्या मुलासाठी त्यात एक टेबल भावनिक विकासाचंही असतं. तिथून उठता उठता आई हळूच विचारते, ‘ते सगळं ठीकै ताई, पण एबीसीडी कधी शिकवणार?’