बांधून ठेवलेलं एन्झाइम

ज्या रुग्णाची आतडी काही काळ अन्न पचवू शकत नाहीत, त्याला शिरेतून पोषण देतात. त्या द्रावणात सुटी अमिनो आम्लं असतात, तीही शुद्ध ‘एल’ रूपातली. ग्लायसिन सोडलं तर प्रथिनांतल्या प्रत्येक अमिनो आम्लाची एल आणि डी अशी दोन रूपं असू शकतात: घटक तेच, पण डाव्या-उजव्या चपलेसारखी रचना उलटी. आपल्या पेशी प्रथिनं बांधतात ती एल रूपापासून. साध्या रासायनिक पद्धतीनं मात्र दोन्ही रूपं निम्मी-निम्मी तयार होतात, आणि त्यांचे बहुतेक गुणधर्म सारखेच असल्यानं ती वेगळी करणं जिकिरीचं.

जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीनं हे काम ॲमिनोअ‍ॅसिलेज या एन्झाइमकडे सोपवलं. सोया सॉस आंबवणाऱ्या कोजी बुरशीतून ते मिळतं. आधी मिश्रणातल्या सगळ्या रेणूंना ॲसिटिल गट (अणूंचा एक छोटा गट) जोडायचा. एन्झाइम तो फक्त एल रेणूंवरून तोडतं. मोकळं झालेलं एल रूप आता वेगळ्या विद्राव्यतेमुळे स्फटिक करून काढता येतं. उरलेलं डी रूप तापवलं की पुन्हा निम्मं-निम्मं होतं आणि परत त्याच प्रक्रियेत जातं. काहीच वाया नाही!

वाया जात होतं ते एन्झाइमच. ते द्रावणात विरघळलेलं असे, त्यामुळे दर घाण्याला नवं घालावं लागे आणि जुनं गाळून टाकण्याचा खर्च वेगळा. इचिरो चिबाटा आणि सहकाऱ्यांनी धनभारित डेक्स्ट्रानच्या (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या) बारीक मण्यांवर ते विद्युत आकर्षणानं चिकटवलं, मणी उभ्या नळकांड्यात भरले आणि वरून मिश्रण सोडलं. एन्झाइम जागेवर, माल खाली. जोर ओसरला की त्याच मण्यांवर ताजं एन्झाइम चढवायचं. हे 1969 साली कारखान्यात सुरू झालं. बांधून ठेवलेल्या एन्झाइमचा हा पहिला औद्योगिक वापर मानतात. माझ्या मते खरी करामत रसायनापेक्षा या साध्या मांडणीत आहे.

1973 साली तानाबेनं पुढची पायरी गाठली: एन्झाइम वेगळं काढण्याऐवजी अख्खे ई. कोलाय जिवाणूच जेलमध्ये अडकवले. त्यांच्यातलं अ‍ॅस्पार्टेज हे एन्झाइम फ्युमारिक आम्ल आणि अमोनिया जोडून थेट एल-अ‍ॅस्पार्टिक आम्ल बनवतं. अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याचा तो एक घटक.

कधीकधी मात्र डी रूपच हवं असतं. अ‍ॅमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाच्या रेणूला जोडलेलं हायड्रॉक्सिफिनाइलग्लायसिन हे अमिनो आम्ल डी आहे. ते हायडँटॉइनेज या एन्झाइमनं बनवताना, अल्कधर्मी द्रावणात कच्च्या मालाचं नको असलेलं रूप आपसूक हव्या त्या रूपात उलटत राहतं, म्हणून तापवण्याची वेगळी पायरीही लागत नाही.