कोरंटाईन एक, अर्थ दोन: अलगीकरण आणि विलगीकरण

2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, तेलंगणात मिरची तोडायला गेलेले मजूर चंद्रपूर-गडचिरोलीकडे पायी परतू लागले. पाठोपाठ पुण्या-मुंबईहून पोरं आली आणि गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांना वेगळंच काम लागलं. बाक व्हरांड्यात गेले, वर्गात सतरंज्या आल्या, पोलीस पाटील फाटकाशी बसले. 'शाळेत कोरंटाईन केलं' हे वाक्य आमच्या यवतमाळकडच्या गावात तेव्हापासून रुळलं. पुढे स्वॅब पॉझिटिव्ह आल्याने तालुक्याच्या कोविड सेंटरला नेलेला माणूसही कोरंटाईन, आणि त्याच्या घरची धडधाकट माणसंही कोरंटाईनच. शाळा पुन्हा उघडायची वेळ आली तेव्हा या एका शब्दाने आम्हा मास्तरांचा पुरता घोळ केला.

सरकारी कागदावर शब्द दोन आहेत, अलगीकरण आणि विलगीकरण. फरक पहिल्या अक्षराचा. त्यामुळे छापील बातम्यांतसुद्धा ते सर्रास एकमेकांच्या जागी बसायचे, 'संस्थात्मक विलगीकरण' लिहायचं आणि सांगायचं असायचं अलगीकरण. गावाने दोन्ही सोडून कोरंटाईन धरलं, यात गावाचं काय चुकलं?

विलगीकरण आजारी माणसाचं. तपासणीत रोग निघाला आहे, किंवा ताप-खोकला बघता तसा दाट संशय आहे, म्हणून त्याला इतरांपासून दूर ठेवायचं. अलगीकरण मात्र ज्याला आज काहीही झालेलं नाही त्याचं. तो रोग्याजवळ बसला, जेवला, एका घरात झोपला, एवढ्यावरून त्याला बाजूला ठेवायचं आणि वाट पाहायची. अलगीकरणाचा इंग्रजी शब्द 'क्वारंटाईन', म्हणजे गावाचा कोरंटाईन, इटालियन चाळीसवरून आला, बंदराबाहेर गलबत चाळीस दिवस थांबवून ठेवायचे त्यावरून. म्हणजे मुळातच तो वाट पाहण्याचा शब्द आहे.

पालक सभेत मी हे सुतकावरून सांगायचो. ज्या घरात देवीचा रोग यायचा तिथं दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा, बाहेरचा माणूस आत जायचा नाही. ते विलगीकरण. सुतक पाळणाऱ्याला कुठे काय झालेलं असतं? नात्याने जवळचा, म्हणून दहा दिवस बाजूला. अलगीकरण तसंच, फक्त इथे नातं रक्ताचं नाही, जवळ बसण्याचं. उपमा फार ताणू नये, पण एक गोष्ट तिने पटकन पटायची. दिवस कोणत्या तारखेपासून धरायचे यावर सुतकात घरोघरी वाद होतात, आणि इथेही सगळी गोम तिथेच आहे.

आजाऱ्याचे दिवस लक्षणं सुरू झाली त्या दिवसापासून. सौम्य आजाराला तेव्हा 10 दिवस धरायचे आणि त्यातले शेवटचे 3 दिवस ताप नको. जानेवारी 2022 मध्ये घरी राहणाऱ्यांसाठी ते 7 वर आले. अलगीकरणाचे दिवस मात्र रोग्याशी शेवटचा संबंध आला तिथून, आणि तेव्हा ते 14 होते. कारण विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागू शकत, बहुतेकांत पाचव्या दिवसाच्या आसपास. म्हणून 'तिसऱ्या दिवशी स्वॅब दिला, निगेटिव्ह आला, आता सोडा' हे म्हणणं टिकत नाही. तिसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह तिसऱ्या दिवसापुरताच. सरपंच, ग्रामसेवक, आम्ही मास्तर, सगळे यात फसलो आहोत. रिपोर्ट हातात आला की चौदा दिवसांचा हिशेब कोणाच्या लक्षात राहतो!

आणखी एक फरक आहे, जो मला फार उशिरा कळला. पॉझिटिव्ह माणसं एका खोलीत ठेवली तर चालतं, सगळ्यांना तोच रोग आहे. अलगीकरणातली माणसं एकत्र ठेवणं मात्र घातक. वीस जणांत एकाला रोग असेल तर उरलेल्या एकोणिसांना आपणच तो नेऊन देतो. आमच्या शाळेत नेमकं हेच झालं होतं. दोन वर्ग, एक नळ, एक संडास, आणि बाहेरून आलेले सगळे त्यातच. बाराव्या दिवशी एकाला ताप चढला. नियमाने सगळ्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसावर. "मले काईच नाई झालं, मले काऊन कोंडता?" असं एक जण फाटकाशी येऊन ओरडला, आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला कोंडणं बरोबर होतं, चौघांच्या शेजारी कोंडणं चूक.

मग शाळा उघडल्या. नववी ते बारावी 23 नोव्हेंबर 2020 पासून, पाचवी ते आठवी 27 जानेवारी 2021 पासून. फेब्रुवारीत अमरावती-अकोल्याकडे रुग्ण वाढले आणि पुन्हा कुलूप. जुलै 2021 मध्ये, ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही तिथे आठवी ते बारावी. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत 6 फूट, वर्गात पंधरा-वीस मुलं. आम्ही हा नियम अंतरासाठी पाळला. त्याचा दुसरा उपयोग अंतराहून मोठा होता आणि तो कोणी सांगितलाच नाही: जागा ठरलेली असली की यादी निघते. लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस रोग पसरवू शकतो. म्हणून बुधवारी एखाद्याला ताप आला तर सोमवार-मंगळवारी त्याच्या पुढे-मागे, आजूबाजूला कोण होतं, ऑटोत सोबत कोण होतं, डबा कोणासोबत खाल्ला, हे हवं. तेवढी नावं अलगीकरणात आणि आजारी मूल विलगीकरणात. बाक ठरलेला नसेल तर अख्खा वर्ग घरी बसवावा लागतो.

प्रत्यक्षात एक मूल पॉझिटिव्ह निघालं की शाळा बंद व्हायची आणि ग्रामपंचायत हायपोक्लोराईट हे जंतुनाशक फवारायची, तेही कपाशीवर वापरायच्या पंपाने. फवारणीने डोळ्यांना बरं वाटतं. पण हा रोग मुख्यतः श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून पसरतो, आणि माकडं येतात म्हणून आमच्या वर्गाच्या खिडक्या बारा महिने लावलेल्या. भिंती धुतल्या, खिडक्या तशाच.

मुलांबाबत एक गोष्ट दिलासा देणारी होती. जुलै 2021 मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चौथ्या सिरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्ततपासणीत, 6 ते 17 वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांत प्रतिपिंडं आढळली, म्हणजे त्यांना लागण होऊनही गेली होती. तेव्हाचे आयसीएमआरचे प्रमुख बलराम भार्गव तर म्हणाले की उघडायच्याच तर आधी प्राथमिक शाळा उघडाव्यात. लहान मुलं या आजाराने क्वचितच गंभीर होतात हे खरं. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की ज्याला लागण झाली आहे ते पोर मैदानात उड्या मारत असतं. विलगीकरण त्याला पकडू शकत नाही, कारण ते आजारी दिसतच नाही. तिथं यादी आणि अलगीकरणच कामाचं.

शब्दांच्या गल्लतीचा सगळ्यात वाईट परिणाम लपवाछपवीचा. मे 2021 मध्ये राज्याने 18 जिल्ह्यांत घरच्या घरी विलगीकरण बंद केलं, रुग्णाने कोविड सेंटरलाच जायचं. आदेश रुग्णापुरता होता. गावात पोचला तो असा: कोरंटाईन म्हणजे अख्खं घर उचलून नेणार. सोयाबीनच्या पेरणीचे दिवस तोंडावर. कोण सांगेल की पोराला ताप आहे? आशाताई दारात आली की पोर शेतात पाठवलेलं असायचं आणि ताप पॅरासिटामॉलने उतरवलेला.

शेवटी शाळा सुरू झाल्यावरचा एक हिशेब सांगतो, यावर माझी एका पालकाशी अर्धा तास हुज्जत झाली. दोन भाऊ, धाकटा पाचवीत, थोरला आठवीत, घर एकाच खोलीचं. धाकट्याला 1 तारखेला ताप आला, रिपोर्ट पॉझिटिव्ह. दहा दिवस झाले, ताप गेला, 11 तारखेला तो शाळेत आला. थोरल्याला एकदाही शिंक आली नाही. पण एका खोलीत राहून त्याचा शेवटचा संबंध 10 तारखेपर्यंत चालूच होता, म्हणून त्याचे चौदा दिवस तिथून पुढे, 24 तारखेपर्यंत. बाप दप्तर घेऊन दारात उभा. "ज्याले झाला तो पोट्टा वर्गात, अन् ज्याले काईच नाई तो घरी? हे कोनतं गनित व्हय, गुरुजी?"

मी फळ्यावर तारखा मांडून दाखवल्या. त्याने त्या दोनदा मोजल्या, आणि थोरल्याला घेऊन घरी गेला.