चावी काढून बटण लावलं, तेव्हा कळलेला रिले

मागच्या उन्हाळ्यात भाच्याने आणि मी इंदूरला, राऊजवळच्या एका शेडमधे, छोटी बग्गी बांधायला घेतली. पाइपची चेसिस, जुन्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, आणि भाच्याची एकच अट की मामा, चावी नको, बटण पाहिजे. (ही गाडी रस्त्यावर आणायची नाहीये, तपासणी आणि नोंदणीशिवाय ते चालतही नाही, शेतातल्या वाटेपुरतीच आहे.)

मला वाटलं बटण लावायला काय लागतं, दोन वायरी. पण चावीचा तो साधा दिसणारा स्विच किती कामं गपचूप करत असतो ते तो काढल्यावरच कळतं. एका टप्प्यावर रेडिओ-बिडिओला करंट, पुढच्या टप्प्यावर इग्निशनला (म्हणजे प्लगच्या ठिणगीला), आणि शेवटी चावी फिरवून धरली की सेल्फ. त्यातही सेल्फ फिरताना तो रेडिओ-पंखा बंद करतो म्हणजे बॅटरीचा सगळा जोर सेल्फला मिळतो, पण इग्निशन मात्र चालूच ठेवतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, आमची एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

आधी करंटचा हिशेब. छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा इंजिन फिरवताना १०० अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि अगदी पहिल्या क्षणी त्याच्या बरंच वर. बॅटरी तेव्हा १२.६ वरून १० व्होल्टपर्यंत खाली येते, म्हणजे हजार वॉट झाले, घरातल्या इस्त्रीएवढी ताकद. म्हणून बॅटरीपासून सेल्फपर्यंत ती बोटाएवढी जाड केबल असते, आणि ती जोडायचं काम सेल्फवर बसलेला सॉलिनॉइड करतो. त्याच्या कॉइलला करंट मिळाला की आतला लोखंडी दांडा खेचला जातो, तो पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत अडकवतो आणि मग जाड संपर्क जोडतो. १९१२ च्या कॅडिलॅकमधे चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ आला त्याआधी हे सगळं माणसाच्या हाताने व्हायचं, हँडल मारून, आणि इंजिनाने उलटा फटका दिला की मनगट मोडायचं.

आता गंमत अशी की हा सॉलिनॉइडसुद्धा पहिल्या झटक्याला २०-३० अँपिअर मागतो. समजा तो करंट आपण डॅशबोर्डवरच्या बटणातून १ चौरस मिलिमीटरच्या वायरने फिरवला, एकूण ३ मीटर. एवढ्या तांब्याचा रोध साधारण ०.०५ ओहम, ३० अँपिअरला दीड व्होल्ट वायरीतच खर्च आणि ४५ वॉट उष्णता, म्हणजे २५ वॉटच्या जवळजवळ दोन सोल्डरिंग आयर्न वायरीच्या आत तापतायत. बॅटरी आधीच दहावर, त्यातून दीड गेले, उरलेल्या साडेआठवर सॉलिनॉइड नीट ओढत नाही, नुसतं टक टक. आणि बटणाचे संपर्क ठिणगीने जळतात ते वेगळंच.

म्हणून मधे रिले. मला या छोट्या काळ्या डबीचं फार कौतुक आहे. तारायंत्राच्या काळात लांबून थकून आलेला करंट पुढच्या ताज्या बॅटरीला चालू करायचा, तीच ही युक्ती. बटणातून जातो जेमतेम ०.१५-०.२ अँपिअर, त्याने कॉइल चुंबक होते, पत्री खाली ओढली जाते आणि मोठा करंट दुसऱ्याच रस्त्याने निघतो. बटण फक्त निरोप देतं. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० ला बॅटरीचा प्लस (फ्यूजमधून, नक्की), ८७ वरून सॉलिनॉइड. पाच पायांच्या रिलेत ८७ए पण असतो, रिले झोपलेला असताना ३० त्याला जोडलेला असतो आणि रिले उठला की सुटतो.

आम्ही फसलो इथेच. इग्निशनला वेगळा टॉगल स्विच लावला होता, त्याने मेन रिले चालू, आणि सेल्फच्या वेळी पंखा-लाइट बंद व्हावेत म्हणून ते सेल्फच्या रिलेच्या ८७ए वर घेतले, कल्पना बरोबरच होती. बटण दाबलं, सेल्फ मस्त फिरला, इंजिन काही पकडेना. पेट्रोल बघितलं, प्लग काढले, डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पुसलं. मग भाचा म्हणाला, मामा, बोट उचलतो ना, तेव्हा एकदा खोकल्यासारखं करतंय. परत ऐकलं, खरंच, बोट उचलल्या क्षणी भक् करून एक ठोका. तिथेच उत्तर होतं. टेस्ट लॅम्प इग्निशन कॉइलला लावला, बटण दाबलं की दिवा बंद, सोडलं की चालू. पंख्याच्या वायरींसोबत इग्निशनची वायरही आम्ही ८७ए वर टोचली होती, म्हणजे सेल्फ फिरतोय तोवर ठिणगीच नाही. ती वायर काढून मेन रिलेवर नेली आणि दुसऱ्या फेरीतच इंजिन लागलं.

अजून एक गोष्ट लोक सोडून देतात ती म्हणजे रिलेच्या कॉइलवरचा डायोड, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग. रिले बंद होताना त्याचं चुंबकक्षेत्र कोसळतं आणि कॉइल उलट्या दिशेने शंभराच्या वर व्होल्टचा झटका देते, तो सोसायला बटणाचा नाजूक संपर्क असतो. ८५-८६ च्या मधे साधा १एन४००७ नंबरचा डायोड लावला, त्याच्यावरची पट्टी प्लसच्या बाजूला, की झटका तिथल्या तिथे फिरून विरतो. पट्टी उलटी लागली तर बटण दाबताच शॉर्ट होऊन फ्यूज उडेल, तेव्हा लावताना दोनदा बघा.

आणि क्लच. चावीच्या गाडीत माणूस चावी फिरवायच्या आधी थोडा विचार तरी करतो, बटण कुणाचंही कोपर लागून दाबलं जातं, आणि गिअरमधे असली तर गाडी उडी मारते. ब्रेक लाइटचा स्विच घेऊन क्लचच्या पेडलवर बसवला आणि रिलेच्या ८६ चं अर्थिंग त्यातून नेलं, पेडल दाबल्याशिवाय रिलेचं सर्किटच पूर्ण होत नाही. पुढची चाकं ठोकळ्यांनी अडवली, पहिला गिअर टाकला, भाच्याला बाजूला उभं केलं आणि क्लच न दाबता बटण पाच वेळा दाबून बघितलं, रिले गप्प. मग त्याला सीटवर बसवला.