क्लचचा आवाज आणि थरथर (जुन्या गाड्यांतील निदान)

मॅन्युअल गियरच्या मोटारगाडीत क्लचचे पेडल दाबताना, सोडताना किंवा गाडी नुसती न्यूट्रलला उभी असताना येणारा वेगळा आवाज अथवा कंप. तसेच तो कोणत्या भागातून येतो हे गियरबॉक्स न उतरवता ओळखण्याची रीत. प्रस्तुत नोंद पुढे इंजिन, मधे प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या चाकांना ओढ अशा जुन्या रचनेच्या गाड्यांपुरती आहे. भारतात या वर्गात दोन नावे आधी येतात. एक १,०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी : १९६४ मध्ये मुंबईच्या कुर्ला कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट या नावाने आलेली आणि साताऱ्यात अजूनही ‘फियाट’च म्हटली जाणारी. दुसरी हिंदुस्थान अँबॅसडर, जिच्या १,४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे कूळ ब्रिटिश आहे आणि जिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले.

निदान आधी आणि पाना नंतर, हा क्रम इथे पाळावाच लागतो. गियरबॉक्स उतरवायचा म्हणजे गाडी खड्ड्यावर घ्या, ऑइल काढा, शाफ्ट सोडा, लिंकेज सोडा, आणि गंजलेले बोल्ट साथ देतील अशी आशा ठेवा; त्यात एक दिवस सहज जातो. एवढे करून बाहेर काय येते, तर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकातली बोटाच्या पेराएवढी ब्राँझची बुश. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्याहून वाईट म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळे नवे घालून गाडी खाली उतरवावी आणि आवाज जागच्या जागी असावा. असे होते, आणि बहुतेक वेळा एकाच गैरसमजातून होते. तो पुढे येईल.

रचना : क्रँकला जोडलेले फ्लायव्हील (जड चाक), त्यावर स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि दोहोंच्या मधे चिमटीत धरलेली क्लच प्लेट. क्लच प्लेटचा मधला दातेरी भाग गियरबॉक्समधून येणाऱ्या शाफ्टवर (गॅरेजमध्ये याला ‘टॉप शाफ्ट’ म्हणतात) मागेपुढे सरकतो. या शाफ्टचे पुढचे टोक क्रँकच्या पोकळीत बुशमध्ये किंवा छोट्या पायलट बेअरिंगमध्ये टेकते आणि मागची बाजू गियरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये असते. पेडल दाबले की फोर्क (दुबेळक्यासारखा दांडा) रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, ते प्रेशर प्लेटच्या फिंगरांना (बोटांसारख्या पट्ट्यांना) दाबते आणि चिमटा सुटतो. ब्रिटिश वंशाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत इथे गोळ्यांचे बेअरिंग नसून कार्बनची कडी असे. ती झिजते, पण शेवटच्या दिवसापर्यंत फारशी तक्रार करीत नाही. तक्रार सुरू होते तेव्हा धातूला धातू लागलेला असतो.

पेडलची साक्ष : वरील वर्णनात लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच, की कोणता भाग कधी फिरतो. पेडल सोडलेले, गाडी न्यूट्रलला आणि इंजिन चालू असताना टॉप शाफ्ट इंजिनाच्या गतीनेच फिरतो. त्यामुळे त्याचे गियरबॉक्सकडचे बेअरिंग कामात असते, पण पायलट बुश आराम करीत असते. तिच्या आत आणि बाहेर दोन्ही एकाच गतीने फिरते. पेडल पूर्ण दाबले की उलट होते. शाफ्ट थांबतो, गियरबॉक्सचे बेअरिंग गप्प होते आणि पायलट बुश घासू लागते. रिलीज बेअरिंग या दोहोंच्या आधी, पेडलचा प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) संपताच, कामाला लागते.

यावरून परीक्षा बांधता येते. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन गरम, काचा वर, रेडिओ बंद. न्यूट्रलला पाय पेडलपासून दूर ठेवून ऐकावे. संथ घरघर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ती विरत असेल, तर संशय गियरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर. गैरसमज तो हाच : ‘क्लच दाबला की आवाज जातो, म्हणजे क्लचच गेला.’ प्रत्यक्षात क्लचने फक्त दोषी भाग थांबवलेला असतो. खडखड असेल आणि नुसत्या पायाच्या वजनाने, प्ले संपेल न संपेल एवढ्यात बंद होत असेल, तर सैल फोर्क किंवा त्याची तुटलेली परतीची स्प्रिंग पाहावी. हा बाहेरून दुरुस्त होणारा आजार असू शकतो. अशीच खडखड फक्त मंद आयडलिंगला येते आणि रेस थोडी वाढवताच जाते, तेव्हा क्लच प्लेटमधल्या धक्के शोषणाऱ्या छोट्या स्प्रिंगा सैल झाल्या किंवा तुटल्या असण्याची शक्यता असते. मात्र जुन्या गियरबॉक्सची थोडी खुडखुड वयाला साजेशी म्हणून सोडून द्यावी.

आता पेडल हळू दाबत न्यावे. प्ले संपला त्या क्षणी ‘चीं’ किंवा कोरडी किरकिर सुरू झाली आणि दाब वाढवताच वाढली, तर रिलीज बेअरिंग. तिथे काही नाही, पेडल आणखी खाली गेले, क्लच सुटला आणि मग शाफ्टची गती उतरत जाताना कर्कश किंकाळी चढत गेली, तर पायलट. दोन आवाजांत फरक पायाखालच्या इंच-दीड इंचाचा असतो, म्हणून घाईने दाबलेले पेडल काही सांगत नाही. पायलटची खात्री करायची तर पेडल दाबूनच गाडी गियरमध्ये टाकावी : शाफ्ट चाकांना बांधला जाऊन पूर्ण थांबतो, आवाज मात्र चालूच राहतो. मिस्त्री लोक लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेलहाउसिंगला (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाला) आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकतात. युक्ती अस्सल आहे; फक्त बाही, मफलर आणि पंख्याचा पट्टा यांची गाठ पडू देऊ नये.

पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसेल तर गियर टाकताना ‘कर्र’ होते. पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. इतके थांबूनही दाते खरवडले तर क्लच ओढतो आहे : प्ले जास्त, प्लेट वाकडी किंवा शाफ्टच्या दात्यांवर अडकलेली. ही परीक्षा पहिल्या गियरवर केली तरी चालते, पण फियाटचा पहिला गियर सिंक्रोविना (दात्यांची गती आधी जुळवणाऱ्या सोयीविना) आहे. पेडल दाबताक्षणी घाईने टाकला तर तो निरोगी गाडीतही ओरडतो, आणि नव्या मालकाला उगाच घाम फुटतो.

थरथर : आवाजापेक्षा थरथर फसवी. आधी ती कशाबरोबर वाढते ते पाहावे. उभ्या गाडीत रेस वाढवताना कंप येतो आणि पेडल वर असो वा खाली, तसाच राहतो, तर फ्लायव्हील, प्रेशर प्लेट किंवा खुद्द इंजिन. मागे कधी काम करताना प्रेशर प्लेटचे कव्हर मूळ खुणेवर न बसवता फिरवून बसवले असेल तर तोल जातो; म्हणून काढण्यापूर्वी पंचाने खूण करणे हा जुना शहाणपणा. पेडल दाबल्यावर कंप कमी झाला तर दोष शाफ्टबरोबर फिरणाऱ्या क्लच प्लेटमध्ये. रस्त्यावर ठरावीक वेगाला कंप येतो आणि त्या वेगात न्यूट्रल केले तरी जात नाही, तर क्लचला सोडून द्यावे. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) किंवा चाके पाहावीत. कंप मोजून पाहण्याचीही सोय आहे. ८०० आरपीएमला क्रँक सेकंदाला सुमारे १३ फेरे घेतो आणि चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात त्या वेळात सुमारे २७ स्फोट होतात. फिरत्या भागाचा तोल गेल्याचा कंप पहिल्या आकड्याजवळ असतो, एखादा सिलिंडर मरत असल्याचा त्याच्याही निम्म्यावर, लंगडा.

गाडी उचलताना, अर्ध्या क्लचवर येणारे झटके हा वेगळा प्रकार. यात प्लेट पकडते-सोडते, पकडते-सोडते. कारणे अनेक : लायनिंगवर (प्लेटच्या घर्षणाच्या अस्तरावर) आलेले ऑइल, जळून काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनिंग, फ्लायव्हीलवरचे निळे डाग, फिंगरांची कमीजास्त उंची. पण यातले एकही नसताना झटके येऊ शकतात. प्रस्तुत लेखकाच्या फियाटला असे झटके होते. एका गॅरेजने नवी प्लेट घातली, झटके राहिले. शेवटी बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, दुसऱ्या गियरमध्ये क्लच किंचित सोडून पाहिले, तर इंजिन एका बाजूने बशीतल्या कपासारखे उचलले जात होते. त्या बाजूच्या फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसते त्या टेकूचे) रबर धातूपासून सुटले होते, आणि फटीत सुपारीच्या खांडाएवढा खडा येऊन बसला होता. ही परीक्षा दोघांनी करावी आणि बघणाऱ्याने गाडीसमोर नव्हे, बाजूला उभे राहावे.

साताऱ्याची परिस्थिती : या जिल्ह्यात क्लचचे आजार रस्त्यानुसार ठरतात म्हटले तरी चालेल. शहरात वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यांना जोडणारे बोळ चढाचे आहेत. तिथे रिव्हर्समध्ये गाडी वर घेणे ही झटके ओळखण्याची सर्वांत कडक परीक्षा, कारण कमी वेग, जास्त भार आणि अर्धा क्लच तिन्ही एकदम येतात. कासच्या फुलांच्या हंगामात यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते आणि पसरणी घाटात तर वर्षभर एखादा ट्रक नाहीतर एसटी पुढे असतेच. चढावर हँडब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय इथे लायनिंग जाळते. तो जळका, कडवट वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. एकदा वास आला म्हणजे प्लेट गेलीच असे नाही. गाडी थंड झाल्यावर चौथ्या गियरमध्ये चढावर रेस दिली असता इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही, तर मात्र गेली.

पश्चिमेकडे पाऊस आणि पूर्वेकडे धूळ, ही जिल्ह्याची दुसरी विभागणी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मेढा, पाटण, महाबळेश्वर भागात पावसाळाभर उभी राहिलेली गाडी दसऱ्याला काढली की फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर आलेला असतो. पहिल्या काही वेळा गाडी उचलताना थरथरते आणि गंज घासला गेला की थरथर आपोआप थांबते. इतक्यावरून गियरबॉक्स उतरवणाऱ्यास नमस्कार करून गाडी परत आणावी. माण-खटावकडे उलट : बारीक धूळ फोर्कच्या टेकूवर आणि बेअरिंगच्या सरकत्या नळीवर बसते, वंगण सुकते, पेडल जड व करकरते होते. ही करकर पेडलच्या हालचालीबरोबर येते, इंजिन बंद असतानाही येते. इंजिन बंद करून पेडल दाबून पाहण्याची साधी गोष्ट लोक विसरतात.

उघडल्यावर : गियरबॉक्स खाली आलाच तर फडके हाती घेण्यापूर्वी नुसते पाहावे. बेलहाउसिंगमध्ये ऑइल कुठून ओघळले आहे? फ्लायव्हीलच्या मागून आले तर क्रँकचे, शाफ्टभोवतून आले तर गियरबॉक्सचे; पुसल्यावर हा पुरावा गेला. आतली काळी भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने टिपून, तोंडाला मास्क लावून काढावी. बुश बोटाने नव्हे, शाफ्ट आत घालून हलवून पाहावी. निळे डाग किंवा केसासारख्या चिरा असलेले फ्लायव्हील लेथवर फेस (पृष्ठभाग तासून सपाट) करून घेता येते. १९२२ पासूनच्या आणि पुढे इंजिनांच्या धंद्यात आलेल्या कूपर कारखान्याच्या साताऱ्यात चांगला टर्नर शोधायला लांब जावे लागत नाही. चिरा खोल असतील तर फेस करण्याच्या फंदात पडू नये. फ्लायव्हील बदलावे.

नवी प्लेट बसवताना ती मधोमध यावी म्हणून जुना टॉप शाफ्ट डमी म्हणून वापरतात. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस जवळजवळ दिसणार नाही इतकेच. जास्त लावलेले लायनिंगवर उडते आणि ज्या झटक्यांसाठी काम काढले तेच परत येतात. पेडलचा प्ले बहुतेक जुन्या गाड्यांत २० ते २५ मिमीच्या आसपास असतो, पण आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. लायनिंग झिजते तसा हा प्ले कमी होत जातो, म्हणून पहिले काहीशे किलोमीटर घाट टाळून गाडी चालवल्यावर तो पुन्हा मोजतात.